पिकअप घेताय? आधी वावराचा रस्ता अन् काट्याची पावती बघा

"कोणती पिकअप घेऊ?" असं गावातलं पोरगं विचारतं, तेव्हा मी त्याला उलट विचारतो: तुझ्या वावराचा रस्ता जुलैत कसा असतो, अन् एका खेपेला तू किती किलो भरणार? पहिल्याचं उत्तर लगेच येतं, कारण पांदणीतला चिखल सगळ्यांनीच तुडवलेला असतो. दुसऱ्याला मात्र बहुतेक जण "दीड टन, दोन टन, जे बसेल ते" असं म्हणतात. गाडी चुकते ती इथेच. कंपनी कोणती अन् रंग कोणता, हे फार नंतरचं.

मी वरुडकडच्या संत्रा पट्ट्यातला. १२ वर्षं झाली मालवाहू गाडी चालवतोय. आधी छोटा हत्ती (टाटा एस) होता, आता दीड टनाची पिकअप आहे. संत्रा, सोयाबीनचे कट्टे, खत, फवाऱ्याचं पाणी, लग्नाचं सामान, असं सगळं वाहून झालंय. पहिली गाडी घेताना मला कोणी नीट सांगणारं नव्हतं. जो पहिल्यांदा घेतोय त्याच्यासाठी हे क्रमाने लिहितोय.

पहिली पायरी: वर्षभराची वही

शोरूमला जाण्याआधी एक वही घ्या अन् आपल्या वर्षाचा माल महिन्यावार लिहून काढा. जूनमध्ये खत-बियाणं, जुलै-ऑगस्टमध्ये फवारणीचं पाणी, ऑक्टोबरात सोयाबीन, दिवाळीच्या आगेमागे कापूस अन् आंबिया बहाराचा संत्रा, जानेवारीपासून तूर, मग हरभरा, अन् मृग बहार असेल तर फेब्रुवारीपासून पुन्हा संत्रा. भंडारा-गोंदियाकडच्यांनी तिथे धान लिहावं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी टाका: एका खेपेचं वजन, किती किलोमीटर, अन् वर्षात किती खेपा.

वजन अंदाजाने लिहू नका. युरियाची बॅग ४५ किलोची, डीएपीची ५० ची, सिमेंटचं पोतं ५० चं. भरलेली संत्र्याची क्रेट आमच्याकडे २० ते २२ किलोच्या आसपास भरते. पाण्याचा हिशेब तर सगळ्यात सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो, अन् नेमका तोच लोक विसरतात. २००० लिटरची टाकी डाल्यात, म्हणजे गाडीच्या मागच्या माल भरायच्या भागात, ठेवली की नुसतं पाणीच दोन टन झालं, टाकीचं वजन वेगळं. माझ्या चुलतभावाने दीड टनाच्या गाडीवर अशी टाकी दोन उन्हाळे चालवली. तिसऱ्या वर्षी मागचे पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले अन् एका नाल्याच्या उतारावर मेन पाटाच तुटला. गाडी नशिबाने धुऱ्यावर जाऊन थांबली. अर्धी भरलेली टाकी तर याहून वाईट, कारण वळणावर पाणी एका बाजूला धावतं अन् गाडीला सोबत ओढतं. टाकी वाहायचीच असेल तर गाडीला झेपेल एवढीच लहान घ्या अन् काठोकाठ भरून न्या.

कापसाचं गणित उलटं असतं. त्यात जागा आधी भरते, वजन मागे राहतं. ज्याच्या वहीत कापूस जास्त, त्याला लांब डाला उपयोगाचा. ज्याच्या वहीत खत, धान, सिमेंट जास्त, त्याला मजबूत पाटे अन् जास्त पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर भार, हवं, मग डाला एक फूट कमी असला तरी चालतो. कापूस उंच रचत असाल तर गावातल्या लोंबत्या विजेच्या तारा ध्यानात ठेवा. घरून जिनिंगपर्यंतचा रस्ता एकदा रिकाम्या गाडीने जाऊन वर मान करून बघून घ्या.

रेतीबद्दलही सांगून टाकतो, कारण घर बांधताना प्रत्येकाला वाटतं की आपलीच गाडी लावू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अन् एवढ्या रेतीचं वजन चार टनांच्या पुढे जातं. पिकअपमध्ये पाव ब्रास टाकली तरी टनभर झाली.

दुसरी पायरी: पासिंगचा खरा आकडा काढा

"दीड टन पासिंग" हे बोलण्यातलं झालं. खरं काय ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, लिहिलेलं असतं. तिथे दोन वजनं दिसतील: गाडीचं बिनभाराचं वजन अन् भारासकट एकूण वजन. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा भार. पण त्या फरकात माल एकटा नसतो. मोटार वाहन कायद्यात बिनभाराच्या वजनाची जी व्याख्या आहे, तिच्यात ड्रायव्हर अन् सोबतचा माणूस धरलेले नाहीत. म्हणजे तुम्ही दोघं केबिनमध्ये बसलात की मालाचे दीडेकशे किलो तिथेच कमी झाले.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा एकूण वजन ३००० किलो अन् बिनभाराचं १६५०. फरक १३५० किलो. त्यातून दोन माणसांचे १४० गेले. मग तुम्ही वरून लोखंडी जाळी बसवली, डाल्यात जाड पत्रा मारला, ताडपत्री, दोर, जॅक, पाण्याची कॅन ठेवली, त्याचे १२० धरा. उरले १०९०. म्हणजे ५० किलोचे सोयाबीनचे कट्टे बसतात २१. सव्वीस-सत्तावीस कट्टे नेऊ असं ज्याच्या डोक्यात होतं, त्याने पासिंगचा आकडा वरवर वाचलेला असतो.

म्हणून माझा नियम असा: वहीतली सगळ्यात जड नेहमीची खेप काढा, तिच्यावर किमान २०० किलो चढवा, अन् त्या वजनाची गाडी बघा. वर्षातून दोनदा येणाऱ्या खेपेसाठी मोठी गाडी घेऊ नका. त्या दोन दिवशी भाड्याची गाडी सांगा किंवा दोन खेपा करा. वर्षभर रिकामी फिरणारी मोठी गाडी डिझेल अन् टायर दोन्ही खाते.

जास्त भरलं तर काय होतं, हे दंडाच्या आधी समजून घ्या. जादा वजन जवळपास सगळं मागच्या चाकांवर पडतं. मागचं बसलं की पुढचं हलकं होतं. स्टेअरिंग हातात सैल लागतं, रात्री हेडलाइटचा उजेड रस्त्यावर न पडता झाडाच्या शेंड्यावर पडतो, अन् ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांना हवी तशी पकड मिळत नाही. गाडी चालते, म्हणून माणसाला वाटतं झेपतंय. थांबवायची वेळ आली की कळतं. दंडही लहान नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये अन् वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. एका दिवसात सबंध हंगामाचं भाडं जातं.

अन् एक. पाटे वाढवून गाडीचं पासिंग वाढत नाही. गॅरेजवाला दोन जादा पाटे टाकून देतो, गाडी उंच दिसते, पण ब्रेक, हब, ॲक्सल, टायर सगळं जुन्याच वजनाचं राहतं. कागदावरचा आकडाही तोच राहतो.

तिसरी पायरी: रस्ता

आपली काळी माती पाणी प्याली की फुगते अन् टायरच्या नक्षीत अशी भरते की टायर गुळगुळीत होऊन फिरत राहतो. इथे गाडीची ताकद कामाला येत नाही, पकड कामाला येते. जवळपास सगळ्या पिकअपची मागची चाकं ओढतात. भरलेली असताना मागे वजन असतं म्हणून ती निघते, रिकामी असली की तीच पांदणीत जागेवर फिरते. आमच्याकडे लोक म्हणतात "जाताना फसली, येताना नाही," त्याचं कारण एवढंच. पावसाळ्यात रिकाम्या डाल्यात मागच्या ॲक्सलच्या वर चार-पाच पोती मातीची ठेवायची, फरक लगेच दिसतो.

४x४, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी, कोणी घ्यावी? ज्याला जुलै ते सप्टेंबरमध्ये रोज वावरातून दूध, भाजी किंवा फुलं काढावी लागतात, अन् पांदण पक्की होण्याची आशा नाही, त्याने. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांतल्यांनीही जरूर विचार करावा. ज्याचा माल ऑक्टोबरनंतरच निघतो, त्याने ते पैसे चांगल्या टायरवर घालावेत. ४x४ मुळे गाडीचं वजन वाढतं, किंमत वाढते, दुरुस्ती वाढते, अन् तालुक्याच्या ठिकाणी ती उघडून नीट बसवणारा मिस्त्री प्रत्येक जागी सापडत नाही.

टायरच्या बाजूवर भाराचा निर्देशांक छापलेला असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. जुनी टायर बदलताना दुकानदार स्वस्तातली कारची टायर पुढे करतो, तेव्हा हा आकडा वाचा. हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवा. पुढची अन् मागची वेगळी असते, रिकामी अन् भरलेली वेगळी असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा कमी हवेचा टायर भरल्या गाडीखाली तापत जातो अन् फुटतो. समृद्धी महामार्गावरून माल नेणार असाल तर ही गोष्ट आणखी पक्की बांधा, कारण तिथे गाडी तासन् तास एकाच वेगाने पळते.

चिखलदऱ्याच्या किंवा तशा कोणत्याही घाटात माल नेत असाल तर गाडी चढण्यापेक्षा उतरताना पारखा. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायची सवय असलेला ड्रायव्हर ठेवू नका. ब्रेक तापून पाय खाली जातो, तेव्हा डिझेलचा हिशेब कोणी करत नाही.

चौथी पायरी: ओढायचं असेल तर

इथे मी जरा थांबून लिहितो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. डाल्यात माल भरणं अन् मागे ट्रॉली लावून ओढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पिकअप पहिल्यासाठी बनते.

लोक विचारतात, ट्रॅक्टर ४५ एचपीचा असून पाच टनांची ट्रॉली ओढतो, मग माझी ७५ एचपीची पिकअप का नाही ओढणार? कारण एचपी म्हणजे काम किती वेगाने होतं ते. चाकाला प्रत्यक्ष किती पीळ मिळतो, हे टॉर्क अन् गियर ठरवतात. ट्रॅक्टरचे गियर इतके खालचे असतात की तो माणसाच्या चालीने चालत पूर्ण जोर लावू शकतो. त्याचं वजन मोठ्या मागच्या चाकांवर असतं, टायर जमिनीला धरतात. पिकअपचा पहिला गियर तितका खालचा नसतो. भरली ट्रॉली लावून चढावर गाडी उचलायची म्हणजे अर्धा क्लच धरून ठेवायचा, अन् क्लचप्लेट जळाल्याचा वास केबिनमध्ये यायचा. अशा पाच-सात उचलण्यांत नवी प्लेट संपते.

ओढून निघाली तरी थांबवायचं राहतंच. ज्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, ती उतारावर पुढच्या गाडीला ढकलते. पिकअपचे ब्रेक तिच्या स्वतःच्या एकूण वजनासाठी बसवलेले असतात. मागे दीड टन बिनब्रेकचं लोखंड लावलं की थांबायचं अंतर कितीतरी वाढतं, अन् ओल्या रस्त्यावर ट्रॉली आडवी येऊन गाडीला कात्रीसारखी दुमडते.

म्हणून क्रम असा. आधी गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडा आहे का बघा. नसेल तर तो शून्य आहे असं धरा. सेल्समन तोंडाने सांगेल, त्याला लेखी मागा. आकडा असेल तर ट्रॉली अन् तिच्यातला माल मिळून तो आहे, नुसत्या मालाचा नाही. शिवाय गाडी अन् ट्रॉली मिळून एकत्र वजनाची मर्यादा वेगळी असते. डाला पूर्ण भरला तर ओढायला फार थोडं उरतं. ट्रॉलीचं स्वतंत्र रजिस्ट्रेशन अन् विमा लागतो. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून चॅनेल जोडून बनवलेली ट्रॉली रस्त्यावर काढू नका.

हूक चेसिसला बसवलेला हवा, बंपरला नाही. पिनेला कॉटर लावलेली हवी अन् सोबत जाड साखळी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली वाऱ्यावर जाणार नाही. मागचे लाइट, इंडिकेटर चालू हवेत, लाल पट्टी लावलेली हवी. रात्रीच्या वेळी न दिसणाऱ्या ट्रॉलीवर मागून आदळून किती पोरं गेली, हे आपल्यातल्या प्रत्येकाला आपल्याच तालुक्यातून माहीत आहे.

ट्रॉलीत माल कसा भरायचा, हे ज्याने बंडी हाकली आहे त्याला शिकवावं लागत नाही. माल मागे गेला की बंडी उलार होते, जू वर उचलतं. सगळा पुढे आला की बैलाच्या मानेवर बसतो. ट्रॉलीचंही तसंच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा. उलार ट्रॉली वेग घेतल्यावर मागे शेपटीसारखी हलायला लागते अन् मग ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. अशी हलायला लागली तर ब्रेकवर उभं राहायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडून स्टेअरिंग सरळ धरायचं.

हडंबा (मळणीयंत्र), भरलेला पाण्याचा टँकर, भुसाने भरलेली ट्रॉली, हे सगळं ट्रॅक्टरचं काम आहे. घरी ट्रॅक्टर नसेल तर शेजाऱ्याचा तासावर लावा. पिकअपने फारतर हलकी, ब्रेक असलेली, कागदपत्रांची ट्रॉली, तीही पक्क्या रस्त्यावर.

बंद पडलेली गाडी टोचन करून न्यायची वेळ प्रत्येकावर येते. जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते, पण दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको अन् वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नको, असा नियम आहे. मागच्या गाडीचं इंजिन बंद असेल तर तिचा ब्रेक अन् पॉवर स्टेअरिंग दोन्ही जड होतात, म्हणून मागे जाणता माणूस बसवा. झटका देऊन ओढू नका. आधी दोर ताणून घ्या, मग गाडी उचला.

पाचवी पायरी: गाड्या

आता नावं. लहान कामाला, म्हणजे भाजीपाला, दूध, किराणा, ज्याची खेप हलकी अन् रस्ता डांबरी, त्याला टाटा एस किंवा मारुतीची सुपर कॅरी पुरते. एस २००५ साली आली अन् गावोगाव छोटा हत्ती या नावानेच ओळखली जाते.

त्याच्या वर टाटा इंट्रा अन् अशोक लेलँड दोस्त. इंट्राच्या व्ही३० ला १३०० किलो अन् व्ही५० ला १५०० किलो भार कंपनी सांगते. या गाड्यांचा डाला खाली असतो, अन् ही गोष्ट कोणी ध्यानात घेत नाही. हमालाला कट्टा कंबरेच्या उंचीवर टाकावा लागला तर २० मिनिटांत गाडी भरते, छातीच्या उंचीवर टाकावा लागला तर तोच हमाल संध्याकाळी थकून मजुरी वाढवून मागतो, अन् ते बरोबरच आहे. मार्केट यार्डातल्या पक्क्या कामाला मी खालच्या डाल्याची गाडी सुचवतो.

खराब रस्ता अन् जड माल असेल तर महिंद्रा बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा. बोलेरो मॅक्स पिकअप २०२२ साली आली, तिच्यात १.३ टनांपासून २ टनांपर्यंतचे प्रकार आहेत अन् सगळ्यात लांब डाला १० फुटांचा. योद्धा २.० मध्ये २.२ लिटरचं इंजिन, १०० एचपी अन् २५० एनएम टॉर्क येतो, भारही २ टन. माझं स्वतःचं मत, पट्ट्यातल्या रस्त्यांवर दोन्ही चालतात, निवड करावी ती तुमच्या घरापासून २५ किलोमीटरच्या आत कोणत्या कंपनीचं वर्कशॉप आहे अन् सुटे भाग मिळतात यावरून. संत्र्याचा तोडा चालू असताना गाडी चार दिवस सुट्या भागासाठी उभी राहिली तर ॲव्हरेजमध्ये वाचवलेलं सगळं तिथे जातं.

इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स दिसायला दांडगी आहे, पण ती डबल केबिनची, महागडी गाडी. भाड्याच्या मालासाठी ती घेऊ नका.

सीएनजी घेण्याआधी तुमच्या रोजच्या रस्त्यावर पंप आहे का, एवढंच बघा. टाकीचं वजन भारातून जातं, हेही धरा. डिझेल गाडीत काजळी पकडणारी जाळी असेल अन् तुमची रोजची फेरी दोन-तीन किलोमीटरचीच असेल, तर ती जाळी नीट साफ होत नाही अन् दिवा लागतो. आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर अर्धा तास चांगली पळवून आणायची.

सहावी पायरी: जुनी घेत असाल तर

गाडीखाली झोपून बघा, मोबाइलचा टॉर्च लावून. चेसिसवर नवीन वेल्डिंगची शिवण, ताजा काळा रंग फक्त एकाच जागी, पाट्यांमध्ये एक पाटा वेगळ्या रंगाचा, यातलं काही दिसलं तर ती गाडी जास्त भरून चालवलेली आहे. पाण्याच्या टँकरच्या कामात असलेली गाडी डाल्याखालून गंजलेली असते. पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. मीटरवर विश्वास ठेवू नका, क्लच अन् ब्रेकच्या पॅडलचं रबर बघा, ते खोटं बोलत नाही.

कागदांत फिटनेस, टॅक्स, विमा अन् चालान, हे सगळं परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून स्वतः तपासा. फायनान्सचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. त्यासाठी फॉर्म ३५ लागतो, नावावर करायला २९ अन् ३०. एमएच-३१ ची गाडी एमएच-२७ ला आणायची म्हणजे नागपूरची अमरावतीला, तर फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला विकणाऱ्याकडूनच घ्या. "नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याच्या मागे मी स्वतः सात महिने फिरलोय.

कागद, अन् डाल्यातली माणसं

साधा कारचा परवाना चालतो का, हे सगळे विचारतात. चालतो. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो. गाडीचं एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर कलम ६६ प्रमाणे परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं. दोन गाड्यांमध्ये अडला असाल तर हा फरकही मोजा. फिटनेस नव्या गाडीला दोन वर्षांचा, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

निंदणाच्या अन् वेचणीच्या दिवसांत डाल्यात वीस-वीस बाया उभ्या करून नेतात. मीही सुरुवातीला नेल्या. आता नाही नेत. मालवाहू गाडीच्या विम्यात माल सोबत नेणारा मालक किंवा त्याचा माणूस येतो, डाल्यातले मजूर येत नाहीत. गाडी उलटली तर त्या घरांना भरपाई तुमच्या वावरातून द्यावी लागेल, अन् गेलेलं माणूस तर कशानेच परत येत नाही. फाळक्याला धरून उभ्या असलेल्या बाईला धरायला दुसरं काहीच नसतं. मजुरांची ने-आण नेहमीची असेल तर त्यासाठी प्रवासी गाडी सांगा अन् ते भाडं वेचणीच्या खर्चात धरा.

पैसा

हप्ता महिन्याला येतो, आपला पैसा हंगामाला येतो. कर्ज घेताना हंगामी हप्ता मिळतो का, हे आधी विचारा, सही झाल्यावर नाही. हप्ता ठरवताना जून ते सप्टेंबर भाडं जवळपास नाही असं धरा. अन् २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कोणी जुन्या दराचा कागद दाखवत असेल तर नवा मागा. दोन दुकानांचे दर कागदावर घेऊन समोरासमोर ठेवा. बॉडी, जाळी, विमा, पासिंगचा खर्च त्यात धरला आहे का बघा, कारण "ऑन रोड" या शब्दाचा अर्थ प्रत्येक दुकानात वेगळा निघतो.

चालवून बघताना अन् घेतल्यावर

डेमोची गाडी रिकामी चालवून काही कळत नाही. दहा कट्टे टाकू द्या म्हणा. नाही म्हणाले तर त्याच मॉडेलची गाडी गावात कोणाकडे आहे त्याच्यासोबत एक खेप जा, डिझेल तुम्ही टाका. चढावर मधेच थांबवून पुन्हा उचला, उलट गियरमध्ये चढ चढवा, खड्ड्यातून एक चाक काढा. स्टेअरिंग जागेवर फिरवायला किती जोर लागतो ते बघा, कारण यार्डातल्या गर्दीत दिवसभर तेच करायचं असतं. ड्रायव्हरला विचारा की पाठ दुखते का. हे तो खरं सांगतो.

गाडी पासिंग होऊन आली की पूजेआधी तिला धरमकाट्यावर न्या. टाकी भरून, जाळी-ताडपत्री-स्टेपनी ठेवून, तुम्ही दोघं आत बसून रिकामं वजन करा. ती पावती अन् आरसीवरचं एकूण वजन, या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या मालाची मर्यादा. तो आकडा डॅशबोर्डवर पांढऱ्या पेंटने लिहून ठेवा, अन् त्याखाली तुमच्या मालात त्याचा हिशेब: कट्टे किती, क्रेटा किती, युरियाच्या बॅगा किती. माझ्या गाडीत तो आकडा सात वर्षांपासून आहे. अडत्याचा हमाल आणखी दोन कट्टे टाकू का विचारतो, तेव्हा मी त्याला तोच दाखवतो.